काळी मेंदी, खरी मेंदी आणि निळीची पावडर: तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात केस पांढरे होण्याबद्दल लिहिताना मेंदीचा नुसता उल्लेख केला होता, तर त्यावरच प्रश्नांचा ढीग आला. बऱ्याच जणींचा (आणि काही जणांचाही) सूर एकच, केमिकल डाय नको, झाडपाल्याचं काहीतरी सांगा. सांगते, पण एक आधीच बोलून टाकते, दुकानात हर्बल म्हणून मिळतं ते सगळं झाडपाल्याचं नसतं, आणि जे खरंच झाडपाल्याचं असतं त्याला वेळ लागतो. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे औषधाचं विचाराल तर मी डॉक्टरकडेच पाठवणार.

प्रश्न: ताई नमस्कार, मी कितीतरी वर्षं काळी मेंदी लावते, पाकिटावर हर्बल लिहिलेलं असतं, मेंदीच्या पानाचं चित्र असतं, पाण्यात कालवायची आणि अर्ध्या तासात केस काळेभोर. कधी काही झालं नाही. यावेळी दुसऱ्या दिवशी कपाळ आणि कानामागे खाज सुटली आणि तिसऱ्या दिवशी डोळे एवढे सुजले की उघडेनात. डॉक्टर म्हणाले डायची ॲलर्जी, मी म्हटलं मी डाय लावतच नाही, मेंदी लावते! इतकी वर्षं चाललं मग आताच कसं?
(वाचक, सोलापूर)

उत्तर: तुमचे डॉक्टर बरोबर बोलले. तुम्ही डायच लावत होता, पाकिटावर पान छापलेलं होतं एवढंच.

हे जरा सविस्तर सांगते कारण अशीच अजून बरीच पत्रं आलीयेत. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, ते केसातल्या केराटिन नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटतं आणि त्याचा रंग नारिंगी ते तांबडा. लॉसोनला काळं होताच येत नाही, कितीही चांगली मेंदी आणा, कुठल्याही मुहूर्तावर लावा. मग पाकिटातली मेंदी अर्ध्या तासात काळी कशी होते, तर त्यात बहुतेक वेळा पॅराफिनिलीनडायअमाइन असतं, त्यालाच पीपीडी म्हणतात. पावडरच्या डायमध्ये त्याच्या जोडीला बेरियम पेरॉक्साइड घालतात, पाणी पडलं की दोघांची रिॲक्शन सुरू होते आणि केसाच्या आत काळा रंग तयार होतो. मेंदीची पावडर त्यात असते, नाही असं नाही, पण काळं करायचं काम तिचं नसतं.

आता इतकी वर्षं काही नाही मग आताच कसं, तर ही ॲलर्जी अशीच येते. शरीर आधी त्या द्रव्याची ओळख करून ठेवतं, त्यात महिने जातील नाहीतर वर्षं, तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही, आणि एकदा ओळख पक्की झाली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, सूज, पाणी सुटणं असं सगळं सुरू. ती ॲलर्जी मग सहसा जन्मभर राहते. म्हणून आता बरं वाटलं की परत थोडीशी लावून बघू, हे अजिबात करू नका, पुढची रिॲक्शन यापेक्षा लवकर आणि जास्त जोरात येऊ शकते. ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास व्हायला लागला तर घरगुती काही करत बसू नका, भरपूर पाण्याने डोकं धुवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.

अजून एक, हे डॉक्टरांच्या फाइलमध्ये लिहून ठेवायला सांगा. ज्यांना पीपीडी सोसत नाही त्यांच्यापैकी काहींना बधिर करायची काही औषधं (बेन्झोकेन वगैरे), काही गडद कपड्यांचे रंग, रबरातली काही द्रव्यं हेही सोसत नाही. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर आठवणीने सांगा.

आणि 'अमोनिया फ्री' वाचून फसू नका, अमोनिया आणि पीपीडी या दोन वेगळ्या गोष्टी, एक नाही म्हणजे दुसरं नाही असं होत नाही. पाकीट उलटं करायचं, मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात घटक लिहिलेले असतात, चष्मा लावून नाहीतर फोनवर फोटो मोठा करून वाचायचे. पॅराफिनिलीनडायअमाइन, टोल्यूइनडायअमाइन, रिसॉर्सिनॉल, सोडियम पिक्रामेट, बेरियम पेरॉक्साइड यातलं काहीही दिसलं तर तो डाय आहे, समोर काहीही छापलेलं असो. आणि घटकच लिहिलेले नसतील, नुसतंच 'गुप्त आयुर्वेदिक फॉर्म्युला' असेल, तर ते मी फुकटही घेणार नाही.

प्रश्न: खरी मेंदी ओळखायची कशी? बाजारात 30 रुपयांची पण आहे आणि 300 ची पण.
(वाचक, नाशिक)

उत्तर: किमतीवरून नाही ओळखता येत. रंग बघा, चांगली मेंदी पावडर शेवाळी-खाकी असते, पोपटासारखी हिरवीगार दिसली तर वरून रंग घातलाय अशी शंका घ्या, आणि अगदी मातकट तपकिरी दिसली तर जुनी झालीये. वासही ओल्या पाचोळ्यासारखा येतो, अत्तराचा नाही.

घरच्या घरी एक करून बघा. चमचाभर पावडर कोमट पाण्यात कालवून तो गोळा पांढऱ्या टिश्यू पेपरवर ठेवा आणि आपल्या कामाला लागा. थोड्या वेळाने गोळ्याभोवती ओलं वर्तुळ पसरतं, त्याच्या कडेला आधी पिवळट आणि मग हळूहळू नारिंगी रंग उतरायला लागतो. हा लॉसोन बाहेर येतोय. ते वर्तुळ जांभळट-काळं झालं, तेही पंधरा-वीस मिनिटांत, तर पाकीट कचऱ्यात. लगेच हिरवं पाणी सुटलं तर तो वरून घातलेला रंग. ही काही लॅबची टेस्ट नाही, पण ढोबळ फसवणूक पकडायला पुरते.

आपल्याकडे येणारी बरीचशी मेंदी राजस्थानातली, पाली जिल्ह्यातल्या सोजतची, तिला 2021 साली जीआय टॅगही (अमुक माल अमुकच भागातला, अशी सरकारी ओळख) मिळालाय. पण सोजत हे नाव आता सगळेच छापतात, त्यामुळे टिश्यू पेपर चुकवू नका. त्या वर्षीच्या पिकाची, बारीक चाळलेली घ्या, जाड भरडलेली असली तर केसातून काड्या काढता काढता नाकी नऊ येतात.

प्रश्न: मला ते केशरी केस अजिबात नको आहेत, ऑफिसला जायचं असतं. कोणीतरी म्हणालं मेंदीनंतर नीळ लावली की काळे होतात. आईकडे कपड्यांची नीळ आहे ती चालेल का? की रंगाऱ्याकडची इंडिगो आणू?
(वाचक, ठाणे)

उत्तर: दोन्ही नको गं बाई! बरं झालं आधी विचारलंस.

कपड्याला देतो ती नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्यावरचा पिवळेपणा झाकणारा कारखान्यातला रंग, तिचा आणि केसांचा काही संबंध नाही. रंगारी वापरतात ती इंडिगोची वडी खरी निळीची असली तरी ती आधीच पूर्ण तयार झालेला रंग आहे, पाण्यात विरघळत नाही, केसात शिरणार नाही, नुसती वर बसून उशीला लागेल. आपल्याला हवी ती निळीच्या झाडाची वाळवलेली पानं दळून केलेली हिरवी पावडर. चंपारणच्या शेतकऱ्यांवर सक्तीने लावायला लावलेली आणि 1917 साली गांधीजींना तिकडे घेऊन गेलेली ती हीच नीळ, तोपर्यंत जर्मन कंपन्यांची कारखान्यातली नीळ बाजारात आलेली होती म्हणून झाडाच्या निळीचा धंदा तसाही बसत चालला होता, असो, विषय भलतीकडे गेला.

पानात निळा रंग नसतो, इंडिकन नावाचं बिनरंगाचं द्रव्य असतं. पाणी लागलं की पानातलंच एन्झाइम ते फोडतं, त्यातून इंडॉक्सिल निघतं, आणि ते हवेतला ऑक्सिजन घेऊन निळं होतं. गंमत अशी की हे निळं होणं केसाच्या आत व्हायला हवं, वाटीत झालं तर फुकट. म्हणून नीळ कालवली की दहा-पंधरा मिनिटांत डोक्यावर जायलाच हवी. मेंदीसारखी रात्रभर भिजवून ठेवली म्हणजे गेलीच. अनेकींचं इथेच बिनसतं आणि मग पावडर खोटी निघाली म्हणून बोंब.

पहिल्या दिवशी मेंदी. केस तेल न लावता धुतलेले हवेत. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण 100 ग्रॅम, फक्त मुळांना 40-50 पुरते. कोमट पाण्यात इडलीच्या पिठाइतकी सैल कालवायची, उकळतं पाणी नको, झाकून उन्हाळ्यात चार-पाच तास, थंडीत रात्रभर. वरचा थर तपकिरी आणि आत हिरवं दिसलं की समजायचं भिजली. दोन-तीन तास डोक्यावर ठेवून नुसत्या पाण्याने धुवायची. आरशात बघून घाबरायचं नाही, पांढरे होते ते सगळे केस यावेळी चांगलेच केशरी दिसणार, तेच हवंय, ती मेंदी नसली तर पांढऱ्या केसांवर नीळ नीट धरत नाही, हिरवट-निळी दिसते.

मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नीळ. तेवढीच पावडर, कोमट पाणी, चिमूटभर मीठ. लिंबू, दही, चहा काहीही आंबट-तुरट यात नको. दहाएक मिनिटांत हिरव्या लगद्यावर गडद निळसर तवंग येतो आणि कच्च्या मटारासारखा उग्र वास सुटतो, तो वास आला की उठायचं. ग्लोव्हज घालून भराभर मुळांपासून लावायची, वरून शॉवर कॅप, कारण वाळली की काम थांबतं. तास-दीड तासाने धुवायची, पाणी निळं-हिरवं किती वेळ येत राहतं म्हणून वैतागू नकोस. दोन दिवस शाम्पू बंद. पहिल्या दिवशी उन्हात किंचित हिरवट झाक दिसते, दोन दिवसांत ती जाऊन काळं होतं. म्हणून हे शुक्रवार-शनिवारी कर, रविवारी रात्री करून सोमवारी मीटिंगला जाऊ नकोस.

काळं नको, ब्राउन चालेल, तर एकाच वेळी होतं. भिजलेल्या मेंदीत ऐन वेळी कालवलेली नीळ मिसळायची, समान घेतली तर मध्यम ब्राउन, नीळ दुप्पट घेतली तर गडद. मला स्वतःला चाळिशीनंतर ब्राउनच बरं वाटतं, वाढलेली पांढरी मुळं काळ्याइतकी ठळक उठून दिसत नाहीत, पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

आणि हो, नीळ झाडाची असली तरी काही जणींना तीही सोसत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून 48 तास बघायचं, मेंदीचा वेगळा, निळीचा वेगळा. हे टाळू नकोस.

प्रश्न: आमच्याकडे मेंदीत चहा, कॉफी, बीट, लिंबू, दही, अंडं, काथ, आवळा असं सगळं घालून लोखंडी कढईत ठेवतात. यातलं नेमकं काय काम करतं?
(वाचक, कोल्हापूर)

उत्तर: एवढ्यात तर पाच माणसांचा नाश्ता होईल हो!

बीट पहिल्या धुण्याला जातं, कॉफीने वास बरा येतो आणि रंगात पडलाच तर नखाएवढा फरक पडतो. अंडं रंगासाठी काही करत नाही आणि धुताना पाणी गरम झालं तर केसात शिजतं, मग निस्तरत बसा. लिंबू-दही थोडं आंबट असल्यामुळे लॉसोन जरा टिकून राहतो, पण जास्त लिंबाने केस कोरडे होतात आणि टाळूला झोंबतं, एक चमचा खूप झाला. आवळा पावडर मला पटते, तिने केशरीपणा थोडा दबतो आणि केस फार चप्पट पडत नाहीत.

लोखंडी कढईचं मात्र काम होतं. चहा, आवळा, काथ यातल्या टॅनिनचं (तुरटपणा आणणारं द्रव्य) आणि लोखंडाचं जमलं की काळपट रंग तयार होतो, पूर्वी लिहायची शाई याच तत्त्वावर बनायची. म्हणून कढईतली मेंदी गडद तपकिरीकडे झुकते. कढई स्वच्छ हवी, गंजाचे पापुद्रे सुटणारी नको. आणि पुढे कधी पार्लरमध्ये डाय किंवा ब्लीच करायचा विचार असेल तर कढई टाळाच, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात भिजवा, कारण केसात धातूचे क्षार असतील तर ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी त्यांची रिॲक्शन होऊन केस तापतात, तुटतात.

प्रश्न: माक्याच्या तेलाने पांढरे केस मुळापासून काळे होतात का?
(वाचक, परभणी)

उत्तर: नाही. माका, ब्राह्मी, जास्वंद, शिकेकाई यांनी केसांची निगा राहते, मऊ राहतात, रंग बदलत नाही. मुळाशी रंग बनायचा थांबला की तेल वरून कितीही मुरवा.

प्रश्न: माझं लग्न डिसेंबरमध्ये आहे, हायलाइट्स आणि केस स्ट्रेट करायचेत, पण मी दोन वर्षं मेंदी-नीळ लावतेय. पार्लरवाली म्हणते आधी मेंदी काढून ये. कशी काढू?
(वाचक, पुणे)

उत्तर: अभिनंदन! पण मेंदी काढता येत नाही गं, ती केसाला धरून बसते, तेल लावून लावून थोडी फिकी होईल इतकंच. निळीवर ब्लीच केलं तर केस हिरवे होऊ शकतात, फोटोत कायमचे. त्यामुळे हायलाइट्सचा हट्ट असेल तर आजपासून मेंदी-नीळ बंद, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, तुझ्या हातात किती महिने आहेत त्याचा हिशोब कर, म्हणजे लांब केसांचं गणित डिसेंबरपर्यंत बसत नाही हे तुलाच दिसेल. स्ट्रेटनिंगचं विचारशील तर आतल्या बाजूची एक बट देऊन आधी तिच्यावर करून बघायला सांग. पार्लरवालीने नको म्हटलं तर रागावू नकोस, ती तुझ्या भल्याचंच सांगतेय. मी तर म्हणेन गजरा आणि आहे तोच रंग, पण लग्न तुझं आहे.

प्रश्न: मेंदी लावली की मला हमखास सर्दी होते, सायनस आहे. उपाय?
(वाचक, महाबळेश्वर)

उत्तर: तीन तास ओला लगदा डोक्यावर, तेही तुमच्या हवेत, काय होणार दुसरं! दुपारी उन्हाच्या वेळेला लावा, पूर्ण डोक्याला न लावता फक्त मुळांना लावा, प्लास्टिक कॅपवर टॉवेल गुंडाळा आणि दीड तासात धुवून ड्रायरने लगेच वाळवा. उबेत रंग लवकर चढतो, त्यामुळे वेळ कमी झाला तरी फार बिघडत नाही. लवंगेचं तेल घाला असं जे सांगतात ते नको, टाळूची आग होते.

प्रश्न: नातीचं बारसं आहे, दीड महिन्याची आहे. आमच्यात बाळाच्या तळहाताला मेंदीचा ठिपका लावतात आणि सून पण केसांना मेंदी लावायची म्हणतेय, ती अंगावर पाजते. चालेल ना?
(वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: बाळाला नको काकू, ठिपकाही नको. हे मी कडक सांगतेय त्याला कारण आहे. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, वरून बाळ अगदी ठणठणीत दिसतं, पण अशा बाळांना मेंदी लावल्यावर लॉसोन कातडीतून आत जाऊन लाल रक्तपेशी फुटल्याच्या आणि जोराची कावीळ झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. तपासणी झालेली नसते तोवर आपल्याला कळायला मार्ग नाही. बारशाला कुंकवाचा टिळा नाहीतर पाळण्याला फुलं लावा, हौस तिथे भागवा. घरात मोठ्या कुणाला ही कमतरता असल्याचं माहीत असेल तर त्यांनीही मेंदीपासून लांबच राहायचं.

सुनेला साधी शुद्ध मेंदी केसांना लावायला सहसा हरकत नसते, तरी तिच्या डॉक्टरांना एकदा विचारा, काळी मेंदी मात्र नको. आणि नीट धुवून केस वाळल्यावरच बाळाला घ्यायचं, बाळ केस ओढून तोंडात घालतंच.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते, येताना आईने दिलेली मेंदी दोन वर्षांपूर्वीची आहे, वापरू का? इथे थंडीत ती भिजतच नाही. आणि भुवयांचे दोन-तीन पांढरे केस पण रंगवले तर?
(वाचक, अमेरिका)

उत्तर: पाकीट बंद आणि अंधारात होतं तर आधी टिश्यू पेपरवर बघ, वर्तुळ नारिंगी आलं तर वापर, फिकट आलं तर कुंडीत टाक. यापुढे येईल ती हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेव, मेंदी आणि नीळ दोन्ही तशा बराच काळ चांगल्या राहतात. थंडीत भिजवायला वाटी हीटरजवळ ठेव किंवा ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेव, ओव्हन पेटवायचा नाही, घरातल्या बाकीच्यांना सांगून ठेव नाहीतर कोणीतरी पिझ्झासाठी प्रीहीटला लावेल.

भुवयांना नको. तुमच्याकडच्या एफडीएनेसुद्धा (औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणारी तिकडची सरकारी संस्था) मेंदीला फक्त डोक्याच्या केसांसाठी परवानगी दिलीये, भुवया आणि पापण्या त्यात स्पष्टपणे वगळल्यात, आणि कातडीवर काढायची मेंदीही त्या परवानगीत बसत नाही. डोळ्यात लगदा गेला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दोन-तीनच केस आहेत ना, भुवयांची पेन्सिल फिरव. आणि तिकडच्या जत्रांमध्ये, बीचवर काळ्या मेंदीचे टॅटू काढून देतात ना, मुलांना त्याच्या जवळही फिरकू देऊ नकोस, त्यात बरेचदा पीपीडीच असतं, आणि सोलापूरच्या ताईंना जे आता झालं त्याची सुरुवात मुलांमध्ये अशाच एखाद्या टॅटूपासून होऊ शकते.